घर कोठे घ्यावे?

वाचन : उत्पत्ति १३:५-१३

यार्देनेच्या तळवटीत पाणी मुबलक आहे, एवढे पाहून लोटाने आपले बिऱ्हाड ठरविले. शेजार कसा आहे, हे त्याने विचारले नाही. हा पाठ वर्गात शिकविताना आम्ही त्याच्या लोभाबद्दल पुष्कळ बोलत असू. पुढे बडोद्यास उपनगरात घर शोधू लागलो तेव्हा आमचेही पाहणे तसलेच निघाले.

नदीकाठची नवी सोसायटी, मोकळी हवा, भावही बेताचा. आम्ही ती मार्च महिन्यात पाहिली. त्या दिवसांत विश्वामित्री ओढ्यासारखी दिसते. पण ही नदी पावागडच्या डोंगरांतून येऊन ऐन शहरातून जाते आणि आजवा तलावाचे जादा पाणीही तिलाच मिळते. म्हणून शहरात पाऊस उघडला तरी पूर चढत राहतो. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये समा, अकोटा, वडसर या भागांत पाणी शिरले आणि नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. दलालाने यातले काही सांगितले नाही. (खोटेही बोलला नाही म्हणा, आम्ही विचारलेच कोठे?)

सांगितले ते तळमजल्यावरच्या एका आजीबाईंनी. भिंतीला नवा रंग होता, पण विजेचे मीटर डोक्याच्याही वर बसविलेले होते. ते का, असे विचारताच त्यांनी छातीपाशी हात धरून पाणी कोठवर आले होते ते दाखविले.

कागदपत्रांचे थोडक्यात. रेराची नोंदणी, बिनशेतीचा हुकूम आणि कार्पेट क्षेत्रफळ स्वतः पाहावे. शहराच्या काही भागांत १९९१ चा अशांत धारा लागू आहे. तेथे कलेक्टरांची परवानगी नसलेली विक्री रद्द ठरते. तेव्हा आधी चौकशी, मग बयाणा.

उपासनामंदिर किती लांब पडेल, हे आम्ही सर्वांत शेवटी मोजले, आणि तेही धाकटीने विचारले म्हणून. त्या नदीकाठच्या घरापासून रविवारी सकाळी दोन रिक्षा बदलाव्या लागल्या असत्या. तिची संडे स्कूल पहिल्याच पावसाळ्यात सुटली असती.

अखेर घेतले ते दोन खोल्यांचे, जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. खिडकीतून नदी दिसत नाही.