वेबसाइट कुणाच्या नावावर?

वाशिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात भाड्याने मिळणारी फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्रं, रोपवाटिका, मंगल कार्यालयं यांचं बरंचसं गिऱ्हाईक ठाणे, डोंबिवली, मुलुंडकडचं असतं. ते घरातून निघण्याआधी फोनवर शोधतं, म्हणून वेबसाइट हवी हे आता मालकांना वेगळं पटवावं लागत नाही. पण वेबसाइट करायला दिली की बोलणं होतं ते रंगाचं, लोगोचं, सरकत्या फोटोंचं. या गोष्टी पुढेही बदलता येतात. धंद्याचं नुकसान होतं ते त्याआधीच्या दोन बाबींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. एक म्हणजे वेबसाइटचा ताबा कुणाकडे आहे, आणि दुसरी म्हणजे तिथे आलेल्या माणसाला हवी ती माहिती मिळते का.

जमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय आपण इसार देत नाही. डोमेनबाबत मात्र चौकशीही करत नाही. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवला जातो आणि वेळेवर नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी डिझायनरच्या ईमेलवर असेल, तर मुदत संपत आल्याची सूचना त्यालाच जाते. त्याने नंबर बदलला, व्यवसाय सोडला किंवा पैशांवरून वाद झाला, की पाटीवर, कार्डावर, पावतीपुस्तकावर छापलेला पत्ता मालकाच्या हातातून जातो. मुदत टळून गेल्यावर तो दुसरं कुणीही घेऊ शकतं. म्हणून डोमेन आणि होस्टिंगची (म्हणजे वेबसाइट ठेवण्याच्या जागेची) खाती स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडावीत, डिझायनरला फक्त कामापुरता प्रवेश द्यावा, आणि शेवटचा हप्ता चुकता करण्याआधी पासवर्ड स्वतः टाकून पाहावा. यात डिझायनरवर अविश्वास नाही. उद्या तो उपलब्ध नसला तरी धंदा चालू राहावा, एवढीच ही सोय आहे.

यावर नेहमी विचारलं जातं, ‘व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम असताना हा खटाटोप कशाला?’ ती माध्यमं जरूर वापरावीत. नवं गिऱ्हाईक अनेकदा तिथूनच येतं. पण त्यांच्यावर आपली सत्ता नाही. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकदमच काही तास बंद पडले. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानदारांनी केलेल्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये गुगलनेच बंद केल्या. त्या पत्त्यावर येणाऱ्यांना जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, नंतर तेही थांबलं. ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं, त्यांना तोच पत्ता दुसऱ्या वेबसाइटला जोडता आला. बाकीच्यांचा छापलेला पत्ता वाया गेला. स्वतःच्या डोमेनचा वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडणारा खर्च फ्लेक्सच्या खर्चापुढे जड नाही.

दुसरी बाब माहितीची. वाशिंदला येणाऱ्याला आधी कळायला हवं की टिटवाळा लोकल पुढे येत नाही. कसारा किंवा आसनगाव लोकल धरावी लागते. स्टेशनवरून रिक्षा मिळते का, नाशिक महामार्गावरून कुठे वळायचं, पावसात गाडी दारापर्यंत येते का, जेवण धरून माणशी किती, फोन कधी करायचा, हे सगळं पहिल्याच पानावर हवं. गावाचं नाव वाशिंद आणि वासिंद असं दोन्ही तऱ्हांनी लिहिलं जातं, इंग्रजीतही तसंच. म्हणून मजकुरात दोन्ही रूपं यावीत, म्हणजे शोधणाऱ्याची गाठ पडते. फ्लेक्ससाठी केलेली जाहिरात जशीच्या तशी वेबसाइटवर चढवू नये. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला मजकुराइतकी भरवशाने वाचता येत नाहीत, आणि छपाईच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी वेबसाइटवर निरर्थक अक्षरं होऊन बसतं. मजकूर युनिकोडमध्येच मागावा. फोनने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तोच दोनशे केबीपर्यंत आणला तरी मोबाइलवर स्वच्छ दिसतो. माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी नेटवर्कची एखादीच रेघ असलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो. डिझायनर वेबसाइट लॅपटॉपवर दाखवतो. आपण ती साध्या फोनवर, वायफाय बंद करून, उन्हात उभं राहून पाहावी.

काही मालक म्हणतात, भाव लिहिला तर शेजारचा शंभर रुपयांनी कमी लावेल. शेजाऱ्याला आपला भाव एका फोनवर कळतो. लपून राहतो तो फक्त गिऱ्हाइकापासून, आणि भाव न दिसल्यावर पुष्कळ जण विचारत बसण्याऐवजी पुढचं नाव बघतात. हंगामाप्रमाणे दर बदलत असेल तर ‘पासून’ म्हणून लिहावा आणि कोणत्या महिन्याचा ते नमूद करावं. इंग्रजीशिवाय छाप पडत नाही, असंही सांगतात. इंग्रजी पान जरूर ठेवावं, पण फोन उचलणारा माणूस मराठी बोलत असेल तर मराठी पानही तितकंच पूर्ण हवं. मात्र जे लिहिलं ते खरं राहिलं पाहिजे. गेल्या वर्षीचा दर आणि बंद पडलेला नंबर दाखवणारी वेबसाइट नसलेलीच बरी, कारण ती भरवसा मोडते. ज्यांची वेबसाइट आधीच झाली आहे त्यांनी डिझायनरला आजच तीन गोष्टी विचाराव्यात: डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते, आणि मजकूर मला स्वतःला बदलता येतो का. उत्तर टाळलं गेलं, तर नव्या सजावटीवर एक रुपयाही घालण्याआधी खाती आपल्या नावावर करून घ्यावीत.