जाते नेण्यापूर्वी

कऱ्हाड, चैत्र वद्य नवमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. येत्या रविवारी सौ. सूनबाईला आणि ताईला घेऊन तू आपल्या नव्या छोट्या मोटारीने येणार, आणि परतताना तुझ्या आजीचे जाते, गुळाच्या पाच ढेपा व पडवीच्या कामाकरिता सिमेंटची चार पोती घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणार, हा मजकूर वाचून संतोष झाला आणि लगोलग धास्तीही वाटली. कारण मागचे दार बंद झाले म्हणजे ओझे मावले, अशी तुझी समजूत पत्राच्या ओळीओळीतून दिसते.

मोटारीची भारक्षमता जागेवरून ठरत नसते. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत भरल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरेल तेवढाच भार वाहण्याची तिला परवानगी, आणि त्यात तुम्हीही आलात. उदाहरणादाखल रिकामी गाडी 830 किलोंची व कमाल मर्यादा 1250 धर. उरले 420, तुम्हा तिघांचे 185 वजा जाता 235. सिमेंटची चार पोतीच 200 किलो, जाते 40, गूळ 50. हिशेब तूच कर. शिवाय सिमेंट चिपळुणात मिळते. ते घाटावरून खाली नेण्यात कोणता पुरुषार्थ आहे, हे मला तरी उमगत नाही. तो बेत रद्द समज.

राहिले जाते. आपल्याकडचे जुने गाडीवान पोती रचताना बैलगाडी उलाळ होणार नाही याची केवढी तजवीज करीत, हे तू पाहिलेले नाहीस. मागे भार अधिक झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई. मोटारीला जू नाही एवढेच. मागच्या आसापलीकडे जड वस्तू ठेवली की पुढची चाके हलकी होतात, सुकाणू हाताला पोकळ लागते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. म्हणून जात्याचे दोन्ही दगड डिकीत न ठेवता, डाव्या पुढच्या बैठकीच्या मागे, पाय ठेवण्याच्या खोलगट जागेत, मध्ये गोणपाट घालून आडवे एकावर एक ठेव, आणि ती बैठक मागे सरकवून त्यांना घट्ट आवळ. ताईने उजवीकडे बसावे. ढेपा खोक्यात भरून डिकीत अगदी पुढे, मागच्या बैठकीच्या पाठीला टेकवून ठेव. ती पाठ उभी आणि खटक्यात नीट अडकलेली आहे, हे हाताने हलवून पाहा. डिकीतले पिशव्यांचे आकडे पिशव्यांपुरतेच असतात. जड वस्तूला त्यांच्या भरवशावर सोडू नकोस.

एवढा खटाटोप कशाला, असे तू म्हणशील. गाडी थांबते तेव्हा आतले ओझे थांबत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उभी राहिली, तर मोकळा असलेला वीस किलोंचा दगड अडवायला सुमारे 280 किलोंच्या वजनाइतका जोर लागेल. आणि तो अडवण्याची पाळी पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवर येईल.

माझीच गोष्ट सांगतो, ताईला सांगू नकोस. पुष्कळ वर्षांपूर्वी पाटा-वरवंटा घेऊन मी जुन्या फियाटमधून येत होतो. पाटा बांधला होता, वरवंटा मात्र मामुली वस्तू म्हणून बैठकीखाली सरकवून दिला होता. पाटणच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, म्हैस वाचली. पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक दाबू गेलो तो पाय खाली जाईना. वरवंटा घरंगळत येऊन पेडलखाली बसला होता. त्याचा गार स्पर्श बुटाच्या कडेतून घोट्याला लागला, तो आजही आठवतो. हातब्रेक ओढून गाडी कशीबशी झाडाच्या बुंध्याशी थांबवली आणि बराच वेळ खाली उतरण्याचे त्राण राहिले नाही.

निघण्यापूर्वी, चाके थंड असतानाच, चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर भरल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरून घे. घाट उतरताना, चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरात उतर. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलास तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. पेट्रोल वाचवण्याकरिता न्यूट्रलमध्ये उतरणारे पुष्कळ भेटतील, त्यांना खुशाल पुढे जाऊ दे. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राख, आणि हेळवाकला चहाला थांबशील तेव्हा दगड जागचे हलले नाहीत ना, ते चाचपून बघ.

जात्याचा खुंटा मी काढून तुझ्या आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला आहे. तो ताईच्या हाती दे. आजीची मूठ ज्या जागी बसत असे, ती जागा अजून गुळगुळीत आहे.

तुझा,
मामा