अतिदक्षता विभागातून परतलेला रुग्ण व देहभार

चरकसंहितेच्या अष्टौनिन्दितीय अध्यायात आठ निंदित पुरुषांपैकी अतिस्थूल व अतिकृश यांचा विशेष विचार असून, स्थौल्यापेक्षा कार्श्य बरे मानले आहे. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या रुग्णांत मात्र निराळे चित्र दिसते. अनेक अभ्यासांत १८.५ हून कमी देहभार निर्देशांक असलेल्यांचा दीर्घकालीन मृत्युदर अधिक, तर किंचित स्थूलांचा कमी आढळला. यावरून स्थौल्य हितकर ठरत नाही. आधीच्या व्याधीने क्षीण झालेले रुग्ण कृश गटात मोडतात, हेही त्याचे एक कारण होय.

आमच्या मते खरा प्रश्न मांसक्षयाचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे छेदक्षेत्र १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले दिसले. शोथ असल्यास वजनकाटा हा क्षय लपवतो.

म्हणून अशा स्थूल रुग्णास घाईने लंघन वा मेदोहर औषध देऊ नये. कृशासही एकदम गुरू बृंहण नको. दीर्घ उपासमारीनंतर अकस्मात भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरू शकते. रुग्णालयाच्या आहारयोजनेशी सुसंगत राहून, अग्निबल पाहून आहार पायरीपायरीने वाढवावा. प्रत्येक भेटीत वजन, शोथ व उठण्या-चालण्याचे बल नोंदवावे. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास वजन घटविणारे चूर्ण परस्पर देऊ नये, ही आमची विनंती.