सर्टिफिकेट भाड्याने देण्यासाठी फार्मसी करू नका

बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात बोरी बुद्रुकपासून आळेफाट्यापर्यंत घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. नीटमध्ये नंबर लागला नाही तर डी.फार्म., मग नारायणगावला मेडिकल टाकायचं. तेही जमलं नाही तर सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने द्यायचं. पालकांनो, हा शेवटचा विचार आजच सोडा. तो बेकायदा आहे आणि त्यात मुलाचं शिक्षणही वाया जातं.

फार्मासिस्टचं खरं काम किती मोलाचं, ते बघा. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचे नमुने घेतले. तपासणीत त्यांत औषधच सापडलं नाही. अशा वेळी डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असते, रुग्ण कोर्सही पुरा करतो, तरी गुण येत नाही. मग आणखी जोरदार अँटिबायोटिक दिलं जातं. साठा संपला तरी घडतं तेच: अमॉक्सिसिलिन नाही, म्हणून कपाटात असेल ते. जंतू औषधांना दाद देईनासे होतात, त्याला एकटी डॉक्टरची चिठ्ठी जबाबदार नसते.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषध निर्माण अधिकारी मोलाचा. साठा संपायच्या आत मागणी करणं, ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटणं, बॅच नंबर तपासणं ही त्याची कामं. मेडिकलवरही शेड्यूल एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या ठरावीक औषधांचं, वेगळं रजिस्टर असतं. १ मार्च २०१४ पासून त्यातल्या औषधांसाठी डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं लिहावं लागतं. रजिस्टर ३ वर्षं जपायचं. चिठ्ठीशिवाय ‘दोनच गोळ्या द्या’ म्हणणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं, हे मात्र कुठल्या पेपरात विचारत नाहीत.

आपला भाग दुधाचा. कासदाह झालेल्या गाईला अँटिबायोटिक दिल्यावर ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. हे गोठ्यात समजावून सांगणारा फार्मासिस्टही हवाच.

वाटा अशा: डी.फार्म. २ वर्षांचं, वर ५०० तासांचं प्रशिक्षण, बी.फार्म. ४ वर्षांचं, सीईटीतून. पदवीनंतर एमपीएससीतून औषध निरीक्षक होता येतं. कंपन्यांत गुणवत्ता तपासणी, रुग्णालयांत औषध खरेदी आहेच. पगार सुरुवातीला बेताचा, हे मान्य करूनच या.

फी भरण्याआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. मान्यता नसेल तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच होत नाही.