आठ धडे, एका टँकचे

नऊ वर्षांपूर्वी चार फुटी टँक घेतला आणि 'मिक्स सिक्लिड' म्हणून आणलेली माशांची दोन डझन पिल्लं त्यात सोडली. वर्षाअखेरीस अकरा उरली. बाकीची आजारानं गेली नाहीत, मारली गेली. त्या हिशेबातून पदरात पडलेले हे धडे.

१. दुकानात सगळेच गरीब दिसतात

दीड-दीड इंचाची शंभरेक पिल्लं दाटीवाटीनं फिरत होती, कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं. मला वाटलं, जातच शांत आहे. खरं तर तिथे ना दगड होता ना कपार. हक्क सांगावा असं काही नव्हतंच, आणि भांडायचं वयही नव्हतं. माझ्या वाट्याला ऑराटस आले होते. सोनेरी अंगावर काळे पट्टे, बघताक्षणी घ्यावेसे वाटणारे. मलावी सरोवरातल्या सगळ्यांत तापट माशांपैकी हा एक, हे तेव्हा कुठे माहीत होतं! काही महिन्यांत त्यातल्या एकानं रंग पालटला : अंग काळसर आणि पट्टे फिकट. नर वयात येऊन वरचढ झाला की असाच उलटा रंगतो. त्या आठवड्यापासून टँक त्याचा झाला. म्हणून पिल्लू बघून भुलू नका, ते मोठेपणी कसं होतं ते विचारा.

२. वरचा कोपरा रोज बघा

हरलेल्या माशाला तळाशी थारा नसतो. तिथला प्रत्येक दगड कोणाचा तरी असतो. तो पाण्याच्या अगदी वर, हीटरच्या मागे जाऊन थांबतो. माझा एक यलो लॅब तिथे तिरका उभा असायचा. शेपटीची कड करवतीसारखी झालेली, कल्ले भराभर हलताहेत. बायको म्हणाली, "अहो, तो पिवळा हीटरला का चिकटलाय? थंडी वाजते का त्याला?" मी "असेल" म्हणालो आणि तापमान दोन अंशांनी वाढवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. थंडीबिंडी काही नव्हती. अडीचशे लिटर पाण्यात त्याला तेवढीच जागा उरली होती.

३. सिक्लिड हे नुसतं आडनाव

उजनीची चिलापी, ॲमेझॉनचा एंजल, मध्य अमेरिकेतला कॉन्विक्ट आणि मलावीचा यलो लॅब, सगळे एकाच कुळातले. म्हणून एका घरात नांदतील असं नाही. एंजलला मऊ, जरा आम्लाकडे झुकणारं पाणी मानवतं. मलावीवाल्यांना जड आणि आठच्या आसपास पीएच असलेलं. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या ज्या पाण्यानं गिझरची कॉइल पांढरी होते, ते मलावीच्या माशांना मात्र झकास चालतं. खाण्याचंही तसंच. ऑराटससारखे मासे दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारे. त्यांना ऑस्करसारख्या मांसाहारी सिक्लिडचं खाणं रोज घातलं तर पोट फुगून मरतात. पाणी आणि ताट जुळतं का ते आधी बघा, स्वभावाचं नंतर.

४. भाऊबंदकी सगळ्यांत वाईट

परका मासा एवढा खुपत नाही, जेवढा आपल्यासारखा दिसणारा खुपतो. कारण जागेत आणि माद्यांत वाटा मागणार तोच. एकाच रंगाढंगाच्या दोन जाती एकत्र घेऊ नका. एका नरामागे निदान तीन-चार माद्या ठेवा. एकटी मादी असेल तर नर तिला पाठलाग करून करूनच मारतो. जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर संकरित पिल्लंही होतात. ती जातिवंत म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नयेत.

५. गर्दी हे औषध, पण बेतानं

भांडणं कमी व्हावीत म्हणून मी मासे कमी केले, तर उरलेल्यांचे हाल वाढले. मलावीच्या खडकाळ भागातल्या माशांची संख्या थोडी जास्त ठेवली की मार वाटला जातो, एकावर बसत नाही. मात्र मग फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला पाणी बदलण्याचा कंटाळा चालत नाही. हा उपाय अमेरिकेतल्या जोडीनं राहणाऱ्या सिक्लिडना लागू नाही.

६. आधी दगड हलवा, मग पाहुणा आणा

नवा मासा सोडायच्या आधी सगळी मांडणी मोडायची. हद्दी पुसल्या की जुनेही नव्यासारखे चाचपडतात. दिवा बंद करून रात्री सोडला तर आणखी बरं. दगड असे रचा की या टोकाचा मासा त्या टोकाच्याला दिसू नये. आणि आधी दगड काचेवर टेकवा, वाळू मागून टाका. हे मासे खणतात. वाळूवर उभी केलेली रास एके रात्री कोसळते.

७. आईबाप झालेल्यांच्या वाटेला जाऊ नका

दुसऱ्या टँकमध्ये सात इंची ऑस्करबरोबर कॉन्विक्टची जोडी ठेवली होती. मादी जेमतेम अडीच इंचांची, पोटावर नारिंगी झाक. जोडीनं मातीच्या कुंडीत अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी ऑस्कर कोपऱ्यात उभा! तो जरा हलला की ती बाणासारखी सुटायची. आकारावरून जोर ठरवायचा नसतो हे मला तिनं शिकवलं.

८. जाळी आणि जास्तीचा टँक तयार ठेवा

"जमेल हळूहळू" म्हणत मी वाट बघत बसलो, त्यात सगळ्यांत जास्त मासे गेले. फाटलेली शेपटी दिसली की त्याच दिवशी मासा वेगळा काढायचा. मारकुट्यालाच हलवलं तर उत्तम. माझा काळा ऑराटस शेवटी मी दुकानात परत दिला. दुष्ट तो नव्हताच. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. तिथे हरलेला मासा पुढच्या खडकाआड जातो आणि भांडण मिटतं. इथे पुढचा खडक काचेपाशी संपत होता, आणि ती काच मी आणली होती.

अजूनही सकाळी चहाआधी हीटरमागे नजर जाते. बायकोही विचारते, "आहे का कोणी?" बरेच दिवस कोणी नाही.