मोबाईल आडवा केला आणि खिडकी गायब! – ॲप बनवताना स्क्रीन फिरण्याचा विचार



तुम्ही, तुमचे विद्यार्थी किंवा घरातली मुले अँड्रॉइडवर सराव चाचणीचे ॲप बनवत असाल, तर आजचा पाठ तुमच्यासाठी आहे.

समजा, एक मूल सातवा प्रश्न सोडवून ‘जमा करा’ हे बटण दाबते. ‘नक्की जमा करायचे का?’ असे विचारणारी छोटी खिडकी उघडते. तेवढ्यात मोबाईल आडवा होतो. खिडकी गायब, आणि समोर पुन्हा पहिला प्रश्न! मुलाला वाटते, “माझंच काहीतरी चुकलं.” पण चूक मुलाची नसते, ॲपची असते.

असे का होते?

आपल्याला वाटते, स्क्रीन फिरली म्हणजे चित्र फक्त आडवे झाले. प्रत्यक्षात अँड्रॉइड चालू पान, म्हणजे ॲक्टिव्हिटी, मोडून टाकते आणि आडव्या मापाने नव्याने उभारते. वर्ग बदलल्यासारखेच हे आहे. जुन्या वर्गातल्या फळ्यावरचे नव्या वर्गात येत नाही, वहीतले मात्र सोबत येते. प्रश्नाचा क्रमांक आणि गुण साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवले, तर ते फळ्यावरचे लिखाण समजा.

गंमत म्हणजे, उत्तराच्या चौकटीला आयडी दिलेला असेल तर तिच्यातला मजकूर अँड्रॉइड स्वतःच जपते. त्यामुळे सातव्याचे उत्तर पहिल्या प्रश्नाखाली दिसू शकते!

छोटी खिडकी, म्हणजे डायलॉग, ही वेगळी विंडो असली तरी ती ॲक्टिव्हिटीच्या आधारावर टांगलेली असते. भिंत पाडली की तक्ता खाली येणारच. लॉगमध्ये ‘विंडो लीक’ची तक्रार दिसते. मोडलेल्या ॲक्टिव्हिटीवर नवी खिडकी उघडायला गेलो, तर ॲप बंदही पडते.

उपाय काय?

१. खिडकीसाठी डायलॉगफ्रॅगमेंट वापरा. नवे पान उभे राहिले की ती खिडकीही पुन्हा उभी केली जाते. खिडकीला लागणारी माहिती आर्ग्युमेंट्समधून द्या.

२. प्रश्न क्रमांक, उत्तरे, गुण व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवा. स्क्रीन फिरली तरी व्ह्यूमॉडेल टिकते.

३. मेमरी कमी पडली तर सिस्टीम मागे गेलेले ॲप पूर्ण बंद करते. तेव्हा व्ह्यूमॉडेलही जाते. त्यासाठी प्रश्न क्रमांकासारखी छोटी माहिती ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटमध्ये ठेवा. दिलेली उत्तरे डेटाबेसमध्ये लिहिलेली बरी.

४. घड्याळ असेल तर ‘किती वेळ उरला’ ऐवजी ‘कधी संपणार’ ते साठवा. म्हणजे स्क्रीन फिरवून कोणाला जादा वेळ मिळणार नाही, कोणाचा वेळ कापलाही जाणार नाही.

“मग स्क्रीन फिरणेच बंद करू या ना?”

हा प्रश्न हमखास येतो. पण चालू ॲपमध्ये डार्क मोड लावला, अक्षरे मोठी केली किंवा भाषा बदलली, तरी पान असेच मोडून बांधले जाते. ज्या मुलाला नीट दिसत नाही, तेच अक्षरे मोठी करणार, आणि त्याचीच उत्तरे जाणार. शिवाय अँड्रॉइड १६ ला लक्ष्य धरून बनवलेल्या ॲपमध्ये टॅबलेटसारख्या मोठ्या पडद्यावर हे बंधन पाळलेच जात नाही. खेळांच्या ॲपना तेवढी सूट आहे.

करून पाहा

मोबाईलचे ऑटो-रोटेट सुरू करा. चाचणी अर्ध्यावर आणा, खिडकी उघडा आणि मोबाईल दोनदा फिरवा. मग तीन गोष्टी तपासा: खिडकी आहे का? प्रश्न तोच आहे का? वेळ बरोबर आहे का? त्यानंतर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ सुरू करून ॲपमधून बाहेर जाऊन परत या.

ॲप बनवता येत नसले तरी पालकांनाही पहिली तपासणी सहज जमेल. मुलाच्या हाती चाचणीचे नवे ॲप देण्याआधी दोन मिनिटे एवढे कराच. मुलाने मन लावून लिहिलेले उत्तर मोबाईल आडवा झाला म्हणून पुसले जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.