चित्रवाचन : तहानलेला जीव (इयत्ता १ ली)

नवागत बालकास अक्षर अनोळखी असते. चित्र मात्र त्यास शाळेत येण्यापूर्वीच वाचता येते. म्हणून वाचनाचा आरंभ चित्रापासून करावा. ज्या गावी मुसलमान कुटुंबांची मुले शाळेत येतात, तेथे इस्लामी परंपरेतील एखादी कथा चित्रपाठासाठी घेतल्यास त्या मुलांस शाळा परकी वाटत नाही. अशा एका पाठाची रूपरेषा पुढे दिली आहे.

कथावस्तू : ही कथा बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आहे. एक तहानलेला वाटसरू विहिरीत उतरून पाणी प्याला. वर येताच त्यास तहानेने ओली माती चाटणारे कुत्रे दिसले. तो पुन्हा खाली उतरला, आपला चामडी जोडा पाण्याने भरला, दातांत धरून वर आणला व कुत्र्यास पाजले. या दयेबद्दल ईश्वराने त्यास क्षमा केली. प्रत्येक जीवावर दया करण्याचे पुण्य लाभते, असे पैगंबर मुहंमद यांनी या प्रसंगी सांगितले.

चित्रे : फळ्यावर चार आकृत्या काढाव्यात : (१) विहीर, (२) काठावर कुत्र्याच्या पावलांचे ठसे, (३) पाण्याने भरलेला जोडा, (४) रिकामा जोडा. पैगंबरांचे चित्र कदापि काढू नये. सजीवांची चित्रेही काही कुटुंबांस रुचत नाहीत. ठशांमुळे ती अडचण टळते व ‘येथे कोण आले असेल?’ हे मुलांस ओळखावयास मिळते.

पाठाचा क्रम : प्रथम मुलांनीच चित्रांविषयी बोलावे, शिक्षकाने घाई करू नये. नंतर कथा सांगताना मध्येच थांबून विचारावे, ‘दोन्ही हात वर चढण्यात गुंतलेले, मग जोडा कशात धरला असेल?’ कथा संपल्यावर तिसऱ्या चित्राखाली ‘पाणी’ हा शब्द लिहावा. शब्द ओळखता येऊ लागला की ‘पाय’, ‘पान’, ‘पाऊस’ हे शब्द त्याखाली मांडावेत. ‘पा’ हे अक्षर मुले आपणच शोधून काढतील.

सावधगिरी : पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने मनाई आहे. हा पाठ उपासनेचा नसून भूतदयेचा आहे व तो सर्व मुलांसाठी आहे, याचे भान ठेवावे. ‘तुमच्यातली गोष्ट’ असे म्हणून कोणा एका मुलाकडे बोट दाखवू नये. ज्यास कथा ठाऊक असेल, त्यास ती आपण होऊन सांगू द्यावी.

उपक्रम : शाळेच्या अंगणात मातीचे एक परळ ठेवावे. मुलांनी ते आळीपाळीने भरावे व त्यावर खडूने ‘पाणी’ असे लिहावे. मग तात्पर्य वेगळे सांगण्याचे कारण उरणार नाही.